बांबू झाड की गवत? मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या एका पावतीपुस्तकाचं प्रकरण

27 एप्रिल 2011. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांच्या आतलं गोंड आदिवासींचं गाव. त्या दिवशी तिथे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले होते. मंत्री आले की काहीतरी देऊन जातात. रस्ता, समाजमंदिर, नाहीतर निदान एखादी घोषणा. या पाहुण्यांनी गावाला दिलं ते एक पुस्तक, तेही कोरं. आत नुसते न भरलेले वाहतूक परवाने.

जंगलाच्या भागात याला कोणी वाहतूक परवाना म्हणत नाही. आरएफओपासून (वनपरिक्षेत्र अधिकारी) ट्रकच्या क्लीनरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच, टीपी. कागद अगदी साधा असतो. माल कोणता, नग किती, कुठून निघाला, कुठे चाललाय, गाडीचा नंबर, कोणत्या तारखेपर्यंत चालेल, आणि खाली सही. वनखात्याच्या नाक्यावर गाडी थांबली की आधी टीपी मागतात. टीपी नसेल तर माल चोरीचा धरतात, मग तुमच्या पणजोबांनी ते जंगल राखलेलं का असेना.

त्या दिवसापासून मेंढ्याच्या बांबूच्या टीपीवर सही करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. देशात हे पहिल्यांदाच घडत होतं.

मेंढ्याबद्दल लिहिणारे सहसा घोषणेपासून सुरुवात करतात: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ घोषणा जबरदस्त आहे, वाद नाही. पण घोषणा कोणत्याही गावाला भिंतीवर रंगवता येते. मला कुतूहल आहे ते टीपीवरच्या सहीच्या ओळीचं. ती ओळ एका खात्याच्या हातून गावाच्या बैठकीकडे कशी आली, याचं हे प्रकरण.

आधी माझ्या गावची सभा

तुलना केल्याशिवाय मेंढ्याचं वेगळेपण कळत नाही, म्हणून आधी आमच्याकडचं सांगतो. माझं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, उसाचं, अडीच-तीन हजार मतदारांचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे आमच्याकडे शंभर माणूस जमलं की झालं. तेवढंही जमत नाही. अर्धा तास वाट बघतात, सभा तहकूब झाल्याची नोंद होते आणि पुढची तारीख पडते. गंमत पुढेच आहे. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणून दुसऱ्या तारखेला सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, चार सदस्य आणि ज्याच्या घरकुलाचा प्रश्न अडलाय तो बिचारा, एवढ्यांवर सभा उरकते.

मग हजेरीची वही निघते. मी ती वही चहाच्या टपरीवर फिरताना पाहिली आहे. एकजण सही करता करता विचारत होता, ‘कशाची हाय रं?’ शेजारचा म्हणाला, ‘कर की, सभेची हाय.’ वहीच्या त्या पानावर वरचा भाग मोकळा सोडलेला होता. ठराव तिथे नंतर यायचे होते.

यात कोणी बेइमान होतं असं म्हणवत नाही. सगळं कायद्यात बसत होतं. फक्त सभा झाली नव्हती.

मेंढ्याची बैठक

मेंढा तेव्हा कायद्याने लेखा या गटग्रामपंचायतीतलं एक गाव होतं, म्हणून नावापुढे कंसात लेखा. कागदोपत्री ग्रामसभा म्हणजे सगळ्या पंचायतीच्या मतदारांची. मेंढ्याच्या लोकांनी हे मनाला लावून घेतलं नाही. आपल्या वस्तीची सभा आपली, पंचायतीची पंचायतीला. 1996 च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) अनुसूचित क्षेत्रात ‘गाव’ म्हणजे आपला कारभार परंपरेने स्वतः चालवणारी वस्ती, अशी व्याख्या केली तेव्हा मेंढ्याला फारसं बदलावं लागलं नाही. कायदा त्यांच्यापर्यंत आला, एवढंच.

ही सभा एका दिवसात उभी राहिलेली नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरी-इंद्रावतीच्या खोऱ्यात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही धरणं होणार होती. जंगल आणि आदिवासी गावं पाण्याखाली जाणार होती. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे त्यात उतरले, आणि धरणं बारगळली. आंदोलनं संपली की माणसं घरी जातात. इथल्या काही माणसांना मात्र एक प्रश्न चिकटून राहिला: आलेलं संकट परतवलं हे ठीक, पण रोजचा कारभार कोणाचा? मेंढ्यात हा प्रश्न गावातल्याच देवाजी तोफांनी धरून ठेवला. त्याच सुमाराला विनोबा-जयप्रकाशांच्या वळणातले, ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल गावात येऊ लागले. सर्वसहमतीने निर्णय घेणारी गावं प्रत्यक्षात आहेत का, याच्या शोधात ते होते.

पुढे घोटुलाचं निमित्त झालं. गावाने घोटुल, म्हणजे गोंड तरुण पोरापोरींनी एकत्र जमायचं घर, बांधायचं ठरवलं आणि जंगलातून लाकूड आणलं. वनखात्याने ते बेकायदा ठरवून उतरवून नेलं. गावाने ते पुन्हा उभारलं. माझ्या मते मेंढ्याची ग्रामसभा खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली, कारण एकत्र घेतलेल्या निर्णयाची किंमत सगळ्यांनी एकत्र मोजायची असते, हे तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं.

बैठकीचे नियम मोजकेच. निर्णय मतदानाने होत नाही. एकाचंही मन तयार नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि गरज पडली तर त्याच्याही पुढच्या. प्रत्येक घरातून बाई आणि पुरुष दोघांनी यायचं. बोलणं गोंडीत. शिवाय सभेपासून वेगळी अशी आणखी एक जागा गावात आहे: अभ्यासगट. तिथे चर्चा करायची, बाहेरचा जाणकार बोलवायचा, कायद्याचं कलम वाचून घ्यायचं, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. बाहेरून आलेल्या माणसाने अभ्यासगटात हवं तेवढं बोलावं. निर्णय करणाऱ्यांत तो नाही.

ही दोन जागांची वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. आपल्या सभांत काय होतं? माहिती, भांडण, मागणी आणि निर्णय, सगळं एकाच तासात कोंबलेलं असतं. ज्याला कलम माहीत तो बोलतो, बाकीचे माना डोलावतात किंवा उठून जातात. मेंढ्यात एखादी गोष्ट समजून घेण्यावर कुठल्याही मुदतीचा दाब नसतो. अभ्यासगटात ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणायला लाज वाटत नाही, कारण तिथे हरायचंही नसतं आणि जिंकायचंही नसतं.

दारूचा विषय घ्या. मोहाची दारू गोंडांच्या घरात पूजेला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते. त्रास होत होता तो बायकांना. त्यांनी विषय काढला. दारू सरसकट बंद म्हटलं असतं तर देवाचं काय, हा प्रश्न उभा राहिला असता आणि बैठक मोडली असती. विषय महिनोन्महिने चालू राहिला. शेवटी पूजेपुरती मोकळीक ठेवून बाकी बंदी, यावर सगळे आले. मतदान घेतलं असतं तर निकाल एका संध्याकाळीच लागला असता, आणि हरलेल्या निम्म्या गावाने पुढच्या आठवड्यात भट्टी लावली असती.

मधाचंही तसंच. पोळं जाळून मध काढायची रीत होती. अभ्यासगटात त्यावर बोलणं सुरू झालं, जाणकारांना बोलावलं, आणि माश्या न मारता मध काढायची पद्धत गाव शिकलं. पण आपला विषय बांबू.

कायद्यातल्या दोन याद्या

या भागातला बांबू म्हणजे मानवेल. रांझीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, नवे कोंब निघतात, त्यांना इकडे वास्ते म्हणतात, त्यांची भाजी होते. काठी तयार झाली की घराला, कुंपणाला, टोपल्यांना, तट्ट्यांना. गावाचा जुना हक्क निस्ताराचा, म्हणजे घरच्या वापरापुरतं घ्या, विकू नका. विकायचा हक्क खात्याचा. खात्याने तो दीर्घ मुदतीच्या करारावर कागद गिरणीला दिलेला. मेंढ्याने आपल्या जंगलातल्या या तोडीला कायदा बदलण्याच्या कितीतरी आधीपासून विरोध केला होता.

मग आला वनहक्क कायदा. संसदेत 2006 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाला आणि नियम 1 जानेवारी 2008 ला आले. व्यक्तीला शेतीचा पट्टा मिळणार, एवढाच त्याचा बोलबाला झाला. मेंढ्याच्या अभ्यासगटाने दुसरं कलम हेरलं: गावाचा सामूहिक हक्क, म्हणजे जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा आणि गौण वनोपज विकायचा हक्क.

दाव्यासाठी ग्रामसभा लागते. आणि इथे नियमाने एक मेख मारून ठेवली होती. 2008 च्या नियमांत वनहक्काच्या ग्रामसभेची गणपूर्ती दोनतृतीयांश होती! आमच्या गावाचे 15 टक्के आठवा. ज्या गावांत टपरीवर सह्या व्हायच्या, ती गावं या अटीवरच अडखळली. मेंढ्याच्या सभेला सगळं गाव आधीपासूनच बसत होतं. अट त्यांच्यासाठी अट नव्हतीच. हे गाव देशात पहिलं का ठरलं याची उत्तरं लोक नेतृत्वात शोधतात, आदिवासी परंपरेत शोधतात. ती उत्तरं खोटी नाहीत. पण माझ्या लेखी सर्वांत साधं उत्तर हेच. कायदा आला तेव्हा त्याला लागणारी सभा तिथे वीस वर्षं चालू होती.

(2012 च्या दुरुस्तीने गणपूर्ती निम्म्यावर आणली आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बायका हव्यात अशी अट घातली. दुरुस्ती बरी झाली.)

पुरावे जोडले. जुन्या निस्ताराच्या नोंदी तर चालतातच, शिवाय वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर नियम तोही पुरावा धरतो. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे गेला. 2009 साली मेंढ्याला 1,809.61 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. जिल्ह्यातल्याच मर्दा गावालाही त्याच वेळी. देशात ही दोन गावं पहिली.

आता हक्क मिळाला म्हणजे बांबू विकता यायला हवा. ग्रामसभेने टीपी मागितली. खात्याने नाही म्हटलं.

आणि इथून प्रकरण विनोदी होत जातं. खात्याचं म्हणणं असं की बांबू हे झाड आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात कलम 2(7) मध्ये ‘झाड’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि त्यात ताड, बांबू, खुंट, झुडूप, वेत हे सगळं झाडात मोडतं. झाड म्हणजे इमारती माल, इमारती माल म्हणजे आमचा. वनस्पतिशास्त्र शिकलेला कोणीही सांगेल की बांबू हे गवताचं कुळ. पण 1927 मध्ये कायदा लिहिणाऱ्यांना शास्त्राशी देणंघेणं नव्हतं. त्यांना महसूल हवा होता.

दुसऱ्या बाजूला वनहक्क कायदा, कलम 2(झ). गौण वनोपज म्हणजे वनस्पतीपासून मिळणारी इमारती लाकूड सोडून सगळी उपज, ‘बांबू, झुडूप, खुंट, वेत, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, कंदमुळे’ धरून. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. बांबू, झुडूप, खुंट, वेत: चारही शब्द दोन्हीकडे आहेत. 2006 चा मसुदा लिहिणाऱ्याने 1927 ची व्याख्या समोर घेऊन एकेक शब्द उचलून इकडे आणून ठेवला आहे, हे शाळकरी पोराच्याही लक्षात यावं. तरी खात्याच्या लक्षात येत नव्हतं.

खात्याला एक बारकी पळवाट होती, आणि ती मात्र खरी होती. 2008 च्या नियमांत वनोपजाच्या वाहतुकीबद्दल लिहिलं होतं: डोक्यावरून, सायकलवरून, हातगाडीवरून. मोटारगाडी वापरायची तर प्रचलित वाहतूक नियम लागू. प्रचलित नियम म्हणजे वन अधिनियमाच्या कलम 41 खालचे, आणि त्यांत टीपी देणारं खातंच. झालं वर्तुळ पूर्ण. बांबू तुमचा आहे, विकायचा हक्कही तुमचा आहे, आता डोक्यावर घेऊन बल्लारपूरच्या कागद गिरणीपर्यंत चालत जा.

या नियमाबद्दल मला राग येतो त्याचं कारण त्यामागची नजर. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आदिवासी म्हणजे मोळी घेऊन चाललेली बाई. तिला मोळीवरचा हक्क द्यायला कोणाची हरकत नव्हती. तीच बाई ट्रक भरून माल पाठवेल, टेंडर काढेल, दर ठरवेल, हे चित्र नियम लिहिताना कोणाच्या मनात आलंच नाही.

मेंढ्याने काय केलं? जाळपोळ नाही, नाका फोडणं नाही. बैठका घेतल्या. दोन याद्या गावाला समजावून झाल्या, अर्ज गेले, उत्तरं आली, उत्तरांवर पुन्हा बैठक, पुन्हा अर्ज. वर्तमानपत्रांपर्यंत गोष्ट गेली, दिल्लीपर्यंत गेली. 2011 च्या मार्चमध्ये जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून बांबूला गौण वनोपज मानावं आणि ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत तिथे टीपी ग्रामसभेने द्यावी, असं सांगितलं. पत्र म्हणजे कायदा नव्हे. पत्राचं पुढे काय होतं हे सरकारी कार्यालयात एकदाही गेलेल्या माणसाला ठाऊक आहे. म्हणून महिनाभराने मंत्री स्वतः पुस्तक घेऊन आले आणि ते देवाजी तोफांच्या हाती दिलं, त्याला महत्त्व. पत्र फायलीत जातं, पुस्तक कपाटात जातं, आणि त्या कपाटाची किल्ली आता गावाकडे होती.

नियम बदलायला आणखी दीड वर्षाच्या आतबाहेर वेळ गेला. 6 सप्टेंबर 2012 च्या दुरुस्तीत डोक्यावरची मोळी आणि हातगाडी गेली, ‘योग्य त्या वाहनाने’ आलं, आणि वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल, असं सरळ लिहिलं गेलं. मेंढ्यात झालेली गोष्ट देशाच्या नियमात उतरली. वन अधिनियमातली व्याख्या मात्र 2017 पर्यंत तशीच होती. त्या वर्षी जंगलाबाहेरचा बांबू मोकळा करायला तिच्यातून ‘बांबू’ हा शब्द काढला. जंगलाच्या आतल्या बांबूला मात्र 1927 चा अधिनियम अजून लागूच आहे, असं सरकारचं म्हणणं.

पैसे आल्यावर

ग्रामसभेने बांबू विकला. पहिल्याच हंगामात उत्पन्न कोटीच्या घरात गेलं. आणि नवीन डोकेदुखी सुरू झाली, जिच्याबद्दल घोषणेत काहीच नव्हतं. एवढा पैसा कोणाच्या नावावर घ्यायचा? ग्रामसभेचं बँक खातं हवं. व्यापारी कर कापणार, म्हणून पॅन हवा. पॅनच्या अर्जात ‘ग्रामसभा’ नावाचा रकाना नसतो. तोडणीच्या मजुरीचा दर कोण ठरवणार? कोणत्या भागात यंदा तोड, कोणता भाग मोकळा ठेवायचा? रांझीत किती काठ्या राखायच्या? हे सगळं आधी खात्याच्या कार्य आयोजनेत लिहिलेलं असे आणि चुकलं तर शिव्या खात्याला बसत. आता शिव्याही घरच्याच.

मला या भागाबद्दल वाचताना सगळ्यात जास्त आदर वाटतो. आंदोलनात गाव एक होतं, त्यात नवल नाही. समोर शत्रू असतो. कोटभर रुपये बँकेत असताना, समोर कोणी नसताना, सर्वसहमतीने दर ठरवणं याला वेगळीच शिस्त लागते. 2013 साली तर गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे घरोघरच्या शेतजमिनीची मालकी 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली ग्रामसभेच्या नावे करायचा. विनोबांच्या काळातला तो कायदा बहुतेकांच्या लेखी कधीच इतिहासजमा झाला होता.

जे पटत नाही ते

आता दुसरी बाजू. मेंढ्याच्या नावाने हार घालणारे खूप आहेत, म्हणून हे लिहायलाच हवं.

सर्वसहमती ऐकायला गोड असते. पण ‘एकाचाही विरोध नको’ या नियमाचा दाब त्या एकावरच येतो. सगळं गाव तुझ्यामुळे थांबलंय, हे वाक्य कोणी उच्चारलं नाही तरी ऐकू येतं. मेंढ्यात अभ्यासगट आहे, वेळ आहे, एका समाजाचं गाव आहे, शंभराच्या आत घरं आहेत. तिथे हा दाब सोसवत असेल. आमच्याकडे चार भावक्या, दोन साखर कारखान्यांचे गट, दलितवस्ती ओढ्यापलीकडे. आमच्या गावात सर्वसहमती म्हणजे वाड्यावरच्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी सहमत व्हायचं, याला कितीसा वेळ लागेल? तिथे गुप्त मतदान हेच गरिबाचं हत्यार आहे. दारूचं दुकान बंद करायला बायका ‘आडवी बाटली’वर शिक्का मारतात तो पडद्याआड मारतात, म्हणूनच मारू शकतात.

दुसरं म्हणजे वेळ. ज्या बाईला पहाटे पाणी, दिवसभर मजुरी, संध्याकाळी चूल, तिने रात्री बैठकीला बसायचं. मेंढ्याच्या बायका बसल्या हे खरं. त्याची किंमत कोणत्याही अहवालात दिसत नाही.

आणि तिसरं, नुसत्या परवान्याने बाजार ताब्यात येत नाही. टीपीवर सही गावाची असली तरी दर बोलणारा व्यापारीच असतो, आणि एका हंगामात तोडलेली रांझी पुन्हा भरायला वर्षं लागतात. टीपीमुळे गावाला हो म्हणण्याइतकाच नाही म्हणण्याचा हक्क मिळतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने दाखवलं. सामूहिक हक्क मिळाल्यावर त्यांनी तेंदूपानं तोडायची नाहीत असं ठरवलं. पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, म्हणून मिळत असलेला पैसा सोडला. बांबूवर भागवू म्हणाले.

आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात सामूहिक वनहक्क मिळालेली गावं हजाराच्या वर आहेत. त्यांतल्या प्रत्येक ठिकाणी मेंढ्यासारखी बैठक चालते असं नाही. कुठे चालते, कुठे कंत्राटदार आधी चहा पाजतो आणि मग सही घेतो. टीपीचं पुस्तक सगळीकडे सारखंच दिसतं.

आमच्याकडे, सध्या

हे सगळं वाचून मी काय केलं, असं एका मित्राने विचारलं. फार काही नाही. गेल्या तीन वर्षांची ग्रामसभेची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागितली. पानाला दोन रुपयांप्रमाणे भरले. वाचताना कळलं की एका सभेत मी स्वतः एका ठरावाला अनुमोदन दिलं आहे. त्या दिवशी मी पुण्यात होतो.

मग आम्ही तिघं शाळेच्या ओट्यावर बसायला लागलो, दर बुधवारी, जेवणं झाल्यावर. नियम मेंढ्याचाच उचलला: इथे ठरवायचं काही नाही, फक्त समजून घ्यायचं. पहिल्या आठवड्यात पंधराव्या वित्त आयोगाच्या आराखड्याची झेरॉक्स वाचली, अर्धी कळली. दुसऱ्या आठवड्यात पाच जण होते, त्यांत निवृत्त झालेले एक तलाठी, त्यांच्यामुळे बाकीची अर्धी कळली. चौथ्या आठवड्यात दोघी जणी आल्या आणि ओट्यावर न बसता पायरीवर बसल्या. त्यांना वर बोलवायला आम्हाला जरा उशीरच झाला. आल्या आल्या त्यांनी विचारलं की नकाशावर ओढ्याकडे जाणारी पाणंद आहे, ती जाग्यावर कुठाय?

कोणालाच सांगता आलं नाही. पुढच्या बुधवारी तलाठीआण्णा गाव नकाशा आणणार आहेत.